वादळाची रंगीत तालीम

मी रंगाच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. म्हणजे बाकीचे लोक कामं करतात आणि ती करताना त्यांनी जळू नये, पडू नये, कशात सापडू नये यासाठी त्यांच्यामागे भुणभुण करायचा मला पगार मिळतो. कारखान्यात मला समोर 'मॅडम' म्हणतात आणि पाठ वळली की 'शिट्टी'. गळ्यात शिट्टी असते म्हणून, आणि आवाजही तसाच आहे म्हणून. अधूनमधून मी ती फुंकते आणि सगळा कारखाना, मॅनेजरसाहेबांसकट, हातातलं टाकून मैदानात रांगेत येऊन उभा राहतो. त्या दिवशी मी घरी जरा तोऱ्यातच येते.

घरी बाबा असतात. त्यांना उठून पेलाभर पाणी प्यायला लावायचं म्हटलं तरी माझ्या नाकी नऊ येतात.

बाबा सुतार. आमच्या भागातली निम्मी दारं-खिडक्या त्यांच्या हातची आहेत. आधी ते मापं विसरायला लागले, मग रस्ते, मग माणसं. डॉक्टरांनी डिमेन्शिया आहे म्हणून सांगितलं. आई मी शाळेत असतानाच गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. त्या दोघांतली मी नक्की कोण, हे आता दिवसावर अवलंबून असतं. कधी मी त्यांची मुलगी असते, कधी बहीण, आणि बहुतेक वेळा 'अहो बाई'. मीही 'अहो बाई'ला ओ द्यायला शिकलेय. न देऊन सांगते कुणाला.

आमचं घर तळमजल्यावर, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. वादळाचा इशारा आला की तळमजलेवाल्यांनी चौकातल्या शाळेत जाऊन राहायचं, असा नगरपालिकेचा नियम आहे. लोक निघायच्या दिवशी सामान भरतात. मी वादळांचा मोसम सुरू व्हायच्या आधीच बॅग भरून दाराशी ठेवली होती. औषधं, डॉक्टरांच्या कागदांच्या झेरॉक्स, जादा चष्मा, त्यांचं रोजचं पांघरूण, मोठे डायपर, बिस्किटं, आणि हरवलेच तर पोलिसांना दाखवायला ताजा फोटो. शिवाय माझा फोन नंबर लिहिलेली एक पट्टी त्यांच्या मनगटाला बांधली. त्यांनी ती उलटून-पालटून पाहिली आणि विचारलं, "केवढ्याला लावलंय मला?"

एवढ्यावर थांबले असते तर शहाणी ठरले असते. पण डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, "अचानक नवीन जागी नेलंत तर ते बिथरतील. आधीपासून थोडी सवय करा." आता माझ्यासारख्या बाईला कुणी असं सांगतं का? मी त्याच रविवारी सकाळी बाबांपुढे जाऊन उभी राहिले आणि कारखान्यातल्या आवाजात म्हणाले, "बाबा, आज आपलं ड्रिल आहे."

बाबा ताडकन उठले. किती महिन्यांनी त्यांना असं उठताना पाहिलं. ते कपाटाकडे गेले, खालच्या खणातून हत्यारांची पिशवी ओढली, तिच्यातून ड्रिल मशीन काढलं आणि वायर झटकत म्हणाले, "कुठे भोक पाडायचंय?"

"तसलं ड्रिल नाही हो. मॉक ड्रिल."

"म्हणजे?"

"म्हणजे खोटं."

बाबांनी मशीन खाली केलं. "खोटं भोक कसं पाडतात?" ते म्हणाले. मला आजवर चारशे कामगारांनी मिळून एवढा अवघड प्रश्न विचारलेला नाही.

मी नाद सोडला. भोक तर भोक. दर रविवारी मी "ड्रिल आहे" म्हणायचे, बाबा हत्यारांची पिशवी उचलायचे, मी माझी बॅग उचलायचे आणि आम्ही दोघं शाळेपर्यंत जायचो. फाटकाशी जरा थांबायचो. "आज मालक नाहीत वाटतं," असं मी म्हणायचे, "या लोकांना वेळेची किंमतच नाही," असं बाबा म्हणायचे, आणि आम्ही परत येऊन चहा घ्यायचो. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, दुसऱ्या शहरात राहून आमच्या घरावर फोनवरून राज्य करते. ती म्हणाली, "अगं, त्या म्हाताऱ्याला कशाला उन्हातान्हात नाचवतेस?" मी तिला सवयीचं महत्त्व या विषयावर भाषण दिलं. नंतर कळलं की भाषण अर्धं झालं तेव्हाच तिने फोन ठेवला होता.

मग खरोखरचं वादळ आलं.

सकाळी नगरपालिकेची गाडी भोंग्यावरून ओरडत गेली. संध्याकाळपर्यंत चक्रीवादळ किनाऱ्याला धडकणार होतं, तळमजले दुपारच्या आत रिकामे करायचे होते. गल्लीच्या तोंडाशी गटारं उलटी वाहायला लागली होती. या दिवसासाठी मी इतकी तालीम केली होती. आणि मी काय केलं, तर घाबरले, आणि हात आपोआप गळ्याकडे गेला, आणि मी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत कारखान्याची शिट्टी जीव खाऊन फुंकली.

बाबा कानांवर हात ठेवून न्हाणीघरात गेले आणि त्यांनी आतून कडी लावली.

ते दार बाबांनीच केलेलं. सागवानाचं, जाड, आणि कडी अशी की हत्ती आला तरी हलायची नाही, हे ते स्वतःच अभिमानाने सांगत. मी दार ठोठावलं, विनवण्या केल्या. वारा, पाणी, धोका, जीव, सगळे शब्द वापरून झाले. शेवटी रागावले. कडी तशीच. उंबऱ्याशी पाण्याची पहिली रेघ आली. मी दाराला टेकून खाली बसले आणि रडवेल्या आवाजात, काही सुचत नाही म्हणून, म्हणाले, "बाबा, ड्रिल आहे हो."

कडी निघाली. बाबा शर्टाची बटणं लावत बाहेर आले. "मग आधी सांगायचं की," ते म्हणाले. "कुठे भोक पाडायचंय?"

"शाळेत."

"चला."

घोट्याएवढ्या पाण्यातून आम्ही निघालो. एका खांद्यावर माझी बॅग, दुसऱ्या हातात बाबांचा दंड, आणि बाबांच्या काखेत हत्यारांची पिशवी. वाटेत मी स्वतःवर इतकी खूश होते की विचारू नका. शिट्टी फुंकल्याचं विसरून मी मनातल्या मनात कारखान्याच्या मासिकासाठी लेख लिहायला घेतला होता. नावसुद्धा ठरलं होतं: 'सरावाचे फायदे'.

शाळेत आम्हाला वरच्या मजल्यावरचा एक वर्ग मिळाला. भिंतीवर पाढे, लहान मुलांची बाकं, आणि आमच्यासारखी बरीच कुटुंबं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. बाबांनी वर्गभर नजर फिरवली, एक बाक हलवून पाहिलं आणि नाक मुरडलं. "सगळे सांधे ढिले आहेत. कुणी केलीत ही?" त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढला आणि कामालाच लागले. दुपारभर ते बाकांचे स्क्रू आवळत होते. पोरं त्यांच्याभोवती जमली होती आणि मी इतरांना पाणी कुठे ठेवायचं, खिडक्यांपासून किती लांब बसायचं, हे सांगत हिंडत होते. कुणी विचारलं नव्हतं. शाळेचा शिपाई म्हणाला, "मॅडम, तुम्ही कुठल्या खात्याच्या?"

मग बाकं संपली.

वारा वाढला होता. पत्रे वाजत होते, वीज गेली होती, फोनही बंद पडला होता. त्याआधी आत्याचा शेवटचा सल्ला येऊन गेला होता: "त्याला सांग, मी बोलावलंय." बाबांनी हत्यारं पुसून पिशवीत भरली, पिशवी काखेत मारली आणि दाराशी जाऊन उभे राहिले. "झालं काम. घरी चला."

"आत्ता नाही, बाबा. बाहेर वादळ आहे."

"वादळ आहे म्हणूनच चला."

मी त्यांना परत आणून बसवलं. ते उठले. पांघरूण दिलं, बिस्किटं दिली, कुणाच्या तरी फोनमधलं संगीत लावलं. ते उठले. आणि मग मला कळलं की मी केलं काय होतं ते. दर रविवारी मी त्यांना शाळेपर्यंत नेऊन परत घरी आणलं होतं. त्यांच्या डोक्यात एवढंच पक्कं बसलं होतं की ड्रिल म्हणजे जायचं, थांबायचं आणि घरी यायचं. मी त्यांना निवाऱ्याला जायला शिकवलं नव्हतं, निवाऱ्यातून पळून यायला शिकवलं होतं. 'सरावाचे फायदे' हा लेख मी तिथल्या तिथे रद्द केला.

अंधारून आलेलं आभाळ संध्याकाळच्या सुमाराला एकदम मोकळं झालं. वारा थांबला. चक्क ऊन पडलं. लोक हसत बाहेर पडले, कुणी मैदानात जाऊन घराच्या दिशेने बघायला लागले, दोघंतिघं तर चपला घालून निघालेच. वादळाचा डोळा डोक्यावर आला की असं होतं. थोडा वेळ सगळं शांत असतं आणि मग वारा उलट्या बाजूने, पहिल्याहून जोरात येतो. हे मला पाठ होतं. मी व्हरांड्यात उभी राहिले आणि शिट्टी फुंकली. "वादळ संपलेलं नाही, सगळे आत या," असं घसा फाडून ओरडले. आणि आश्चर्य म्हणजे लोक आले. मैदानातले आले, फाटकाबाहेरचे आले, चपलावाले आले. शिपाई म्हणाला, "तुमच्यामुळे वाचले हो सगळे." मी मान जरा खाली घालून, अशा वेळी घालतात तशी, आत वळले.

बाबा बाकावर नव्हते. पांघरुणाची घडी घालून ठेवलेली होती. हत्यारांची पिशवी नव्हती.

सगळ्या निवाऱ्याला आत घेताना माझं एकच माणूस बाहेर गेलं होतं, तेही माझ्या पाठीमागून, बाजूच्या जिन्याने. मी कशी धावले मला आठवत नाही. बाबा रस्त्यावर होते, गुडघाभर पाण्यात, पिशवी डोक्यावर धरून, आणि सुतारकामाला निघालेल्या माणसाच्या चालीने ठामपणे आमच्या घराकडे निघाले होते. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला. त्यांच्या अंगात अजून एवढी ताकद आहे हे मला माहीत नव्हतं.

"सोडा, बाई," ते म्हणाले. "तुमचं काम केलं ना मी? आता सोडा."

"चहा शाळेत मिळेल, बाबा. घरी पाणी शिरलंय."

"चहा गेला खड्ड्यात. माझी पोर घरात एकटी आहे."

मला वाटत होतं, ते सवयीने घरी निघालेत, चहासाठी निघालेत. त्यांच्या डोक्यात काय चाललंय हे मी सगळ्या शाळेला समजावून सांगितलं असतं, इतकी माझी खात्री होती.

"बाबा, मी इथेच आहे. मीच तुमची मुलगी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. दाट पांढरे केस, चष्मा, कारखान्याच्या कँटीनने पोसलेलं अंग. त्यांना माझी दया आली. "तुम्ही मोठ्या आहात," ते समजुतीने म्हणाले. "ती बारीक आहे, फुटपट्टीसारखी. दोन वेण्या घालते. तिची आई नाही. अशा वाऱ्यात ती कुणाकडे बघेल?"

समुद्राच्या बाजूला आभाळ पुन्हा काळं होत होतं. रस्त्यात उभं राहून रडायला वेळ नव्हता. मी विचारलं, "शाळेत जाते का ती?"

"जाते की."

"मग शाळेतच असेल. मागे आहे ती शाळा. बघू या का?"

बाबांना हे पटलं. ते वळले. माझ्याआधी तेच भराभर पाणी कापत निघाले आणि आम्ही फाटकातून आत आलो तेव्हा पहिली झुळूक उलट्या बाजूने आलीच. शिपायाने मागे फाटक लावून घेतलं.

पण शाळेत शिरलो म्हणजे सुटलो, असं समजले तीही चूकच. बाबा एकेका वर्गात गेले. प्रत्येक मुलीकडे वाकून पाहिलं, दोन वेण्यावाल्या एका पोरीचं तोंड तर हनुवटी धरून उजेडाकडे केलं, तिची आजी चिडली, मी माफी मागितली. फुटपट्टी कुठेच नव्हती. आम्ही आमच्या वर्गात परत आलो तोवर पाऊस आडवा लागला होता. बाबा दाराशी उभे राहिले. "नाही ती इथे. खोटं बोललात, बाई," ते म्हणाले. मग त्यांनी चौकट धरली आणि ते रडायला लागले. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. शिपाई दारात आडवा उभा होता, पण तो काही रात्रभर उभा राहू शकणार नव्हता, आणि त्यांना बांधून ठेवायचं मी मेले तरी केलं नसतं.

माझ्याकडे आता एकही युक्ती उरली नव्हती. मला फक्त एवढंच दिसत होतं की त्यांची मुलगी जोवर येत नाही तोवर ते थांबणार नाहीत. आणि मी आलेच नव्हते. मी सकाळपासून त्यांच्या शेजारी होते, त्यामुळे येणार कुठून?

मी शिपायाच्या कानात सांगितलं, त्यांना धरा. चष्मा आणि गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. मागच्या दाराने व्हरांड्यात गेले. ज्याला निवाऱ्याबाहेर पाऊल टाकताना मी पाहिलं असतं त्याला मी सगळ्यांदेखत झाडलं असतं, पण गेले, खांबाला धरून उभी राहिले आणि नखशिखांत भिजले. केस मोकळे होऊन तोंडावर आले. मग वर्गाच्या पुढच्या दाराने आत शिरले आणि शाळेतून उशिरा घरी आल्यावर उंबऱ्यातूनच ओरडायचे तशी ओरडले, "बाबा, आले."

बाबांनी मान वर केली.

"इतका उशीर?" ते म्हणाले. रागावून, जोरात, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं. "कुठे होतीस? काही अक्कल आहे का? बघ किती भिजलीस."

"चुकलं, बाबा."

त्यांनी मला ओढून बाकावर बसवलं, पांघरुणाची घडी मोडली आणि माझं डोकं पुसायला लागले. पुसत कसले होते, फळीला पॉलिशपेपर मारावा तसं घासत होते. दुखत होतं. मी हलले नाही. बाहेर वारा दुप्पट जोराने आला होता, कुठेतरी एक पत्रा उडाल्याचा आवाज झाला, लोकांनी पोरांना जवळ ओढलं. बाबांनी तिकडे लक्षसुद्धा दिलं नाही. त्यांची हत्यारांची पिशवी बाकाखाली पडली होती.

डोकं पुसून झाल्यावर ते माझ्या शेजारी बसले. जरा वेळाने इकडेतिकडे बघून माझ्या कानाशी आले. "इथे एक बाई आहे," ते हळूच म्हणाले. "सकाळपासून माझ्यामागे लागलीय. ऊठ म्हणते, बस म्हणते, पाणी पी म्हणते. सारखी बोलते."

"फार त्रास देते का?"

"छे गं. चांगली आहे." ते वर्गभर नजर फिरवत होते. "दिसत नाही आता. गेली वाटतं कुणाला तरी ओरडायला." मग त्यांनी खिशात हात घातला आणि एक बिस्किट काढलं. दुपारी मी त्यांना दिलेल्यांतलं, दमट झालेलं, कडेला तुटलेलं. ते त्यांनी माझ्या हातात ठेवलं. "हे तिला दे. सगळ्यांना वाटत सुटलीय, स्वतः सकाळपासून काही खाल्लेलं नाही. मी बघतोय ना. तिला माझं नाव सांगू नकोस, उगाच लाजेल."

मी वळून त्यांच्याकडे पाठ केली.

"दिलंस?" बाबांनी मागून विचारलं.

"दिलं."

"खाते का?"

"खातेय, बाबा," मी भरल्या तोंडाने म्हणाले.